टीम लीड झाल्यापासूनच्या नोंदी: काम नेमकं कुठे अडून राहतं

जूनमध्ये माझ्याकडे टीम आली. ऑफिस पुण्यात, प्रॉडक्ट बिलिंगचं, गिऱ्हाईक म्हणजे डिस्ट्रिब्युटर, होलसेलवाले, मार्केट यार्डातले गाळेवाले. माझ्यासकट सात डेव्हलपर आणि एक क्यूए, म्हणजे टेस्टिंग करणारी. त्याआधी नऊ वर्षं मी फक्त कोड लिहिलाय, लीडचं काम कोणी शिकवलं नाही. रोज वहीत लिहीत गेले, त्यातलंच थोडं साफ करून इथे टाकतेय. ज्यांना नुकतंच असं काम गळ्यात पडलंय त्यांचा थोडा वेळ वाचला तर बरं.

१६ जून २०२५, सोमवार

वरून एकच तक्रार आहे, टीम स्लो आहे. रिलीज महिन्यातून एकदा होतो आणि तोही दोन-चार दिवस पुढे जातोच. मला वाटलं होतं एक-दोन जण ढिले असतील, एस्टिमेट चुकत असतील वगैरे. कोणाला काही बोलायच्या आधी गिटहबमधून (आमचा कोड तिथे असतो) मार्च ते मेचे सगळे मर्ज झालेले पीआर काढले (पीआर म्हणजे कोडमधला एक बदल, दुसऱ्याने तो वाचून, म्हणजे रिव्ह्यू करून, मंजूर केला की मुख्य कोडमध्ये मर्ज होतो) आणि प्रत्येकाला तीन वेळा लावल्या: पीआर उघडला कधी, पहिली कमेंट कधी, मर्ज कधी. ११२ पीआर. स्क्रिप्टला दीड तास लागला, एक्सेलमध्ये बघायला आणखी एक.

निम्म्याहून जास्त पीआरना पहिली कमेंट यायलाच एक दिवसापेक्षा जास्त वेळ गेलाय. उघडल्यापासून मर्ज होईपर्यंत साधारण साडेचार दिवस. आणि ११२ पैकी ७१ चा रिव्ह्यू माझ्याकडे होता. म्हणजे तीन महिने लोक कोड लिहून माझी वाट बघत बसले होते आणि लीड झाल्यावर मी स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, त्यांनाच विचारत होते की हे अजून का नाही झालं. हे बघून खरंच वाईट वाटलं. संध्याकाळी तो तक्ता टीमला दाखवला, माझ्या नावासकट. कोणी काही बोललं नाही, पण सीनिअरने जाताना सांगितलं की बरं झालं कोणीतरी मोजलं.

२० जून

दोन्ही पालख्या आज शहरात, रस्ते बंद, सगळे घरून. कॉलवर मी नियम जाहीर करून टाकला: पीआर आला की २४ तासांत रिव्ह्यू झालाच पाहिजे, आणि फक्त मीच नाही, कोणीही करू शकतं. सगळे हो म्हणाले. कोणाशी आधी बोलले नव्हते, ही चूक पुढे महागात पडली.

३० जून

आकडे एकदम सुधारले, दहा दिवसांत पहिली कमेंट सरासरी पाच तासांवर. खूश झाले आणि मग कमेंट उघडून वाचल्या. "छान", "ठीक आहे", अंगठा. १,४०० ओळींचा एक पीआर सहा मिनिटांत मंजूर झालेला. वेळ मोजला म्हणून लोकांनी वेळ पाळला, कोड कोणी वाचलाच नाही.

त्याच १,४०० ओळींत राउंडिंगची चूक होती आणि ती क्यूएच्याही हातून सुटली. १००.५० रुपयांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) म्हणजे ९.०४५, राउंड करून ९.०५, एसजीएसटी (राज्याचा वाटा) तेवढाच, दोन्ही मिळून १८.१०. पण नवीन कोड थेट १८ टक्के काढून मग राउंड करत होता, म्हणजे १८.०९. एक पैसा. ऐकायला काहीच नाही, पण ज्याच्या बिलात ६० ओळी असतात त्याची बेरीज अकाउंटंटच्या बेरजेशी जुळत नाही आणि मग तो फोन करतो. तीन दिवसांत ३२ फोन आले. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची, पण चुकीच्या निघालेल्या बिलांची यादी काढणं, गिऱ्हाइकांना कळवणं यात दोघांचे मिळून चार दिवस गेले.

२४ तासांचा नियम आज मागे घेतला.

७ जुलै

यावेळी आधी प्रत्येकाशी वेगळं बोलले. एक गोष्ट सगळ्यांनीच सांगितली, पीआर इतका मोठा असतो की उघडायचीच इच्छा होत नाही, म्हणून तो संध्याकाळवर ढकलला जातो, संध्याकाळी डोकं चालत नाही, मग उद्या. म्हणजे रिव्ह्यूचा आळस नव्हता, पीआरचा आकारच तसा होता.

दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी साडेदहा आणि दुपारी चार, या दोन वेळांना प्रत्येकी अर्धा तास सगळ्यांनी फक्त रिव्ह्यू करायचा, त्या वेळेत मीटिंग लावायची नाही. आणि पीआर शक्यतो ३०० ओळींच्या आत.

सीनिअरला दुसरी गोष्ट पटली नाही. त्याचं म्हणणं, काही कामं तोडताच येत नाहीत, अर्धवट कोड मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, कसा टाकायचा. मी म्हटलं वाद नको, तुझाच पुढचा मोठा पीआर घेऊन बसू. क्रेडिट लिमिटचं काम होतं, साधारण १,२०० ओळी. चार तास शेजारी बसलो आणि त्याचे सहा तुकडे केले. पहिल्यात फक्त नवीन टेबल, ते कोणी वापरत नाही. दुसऱ्यात नवीन टेबलात लिहायचं पण वाचायचं जुन्यातूनच. तिसऱ्यात जुना डेटा नवीन टेबलात भरायची स्क्रिप्ट. चौथ्यात वाचायचं नवीन टेबलातून, पण फ्लॅगच्या, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद बटणाच्या मागे, फ्लॅग बंद. पाचव्यात स्क्रीन. सहाव्यात जुना कोड काढून टाकायचा, फ्लॅग चालू करून आठवडा झाल्यावर. प्रत्येक तुकडा एकटा प्रॉडक्शनला, म्हणजे गिऱ्हाईक वापरतात त्या सिस्टीमवर, गेला तरी काही मोडत नाही, तोडण्याची कसोटी एवढीच. दुसऱ्या तुकड्याच्या रिव्ह्यूत आमच्या सगळ्यात नवीन मुलीने एक चूक पकडली, लिमिट रिकामं असेल तर शून्य धरलं जात होतं, म्हणजे अशा गिऱ्हाइकाला उधारीवर बिलच करता आलं नसतं. १,२०० ओळींत ती तिला दिसली नसती, हे सीनिअरच म्हणाला.

चार तास खूप वाटतात, पण पुढचे तुकडे त्याने एकट्याने पाडले आणि इतरांनाही तोच शिकवायला लागला. मी नुसतं तोंडाने सांगत राहिले असते तर वर्ष गेलं असतं.

१४ जुलै

या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा रिलीज करायचा प्लॅन होता, तो बारगळला. कारण मलाच सुचायला हवं होतं: ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी, या जीएसटीची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा. या दोन तारखांच्या आसपास आमचे गिऱ्हाईक रिपोर्ट काढत बसलेले असतात आणि सपोर्टची माणसं कुठलाही बदल प्रॉडक्शनला जाऊ देत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. मी कॅलेंडर न बघता तारखा टाकल्या. आता सपोर्टच्या लीडबरोबर बसून वर्षभराचे बंद दिवस आधीच मार्क केलेत. तुमच्या धंद्यातही अशा तारखा असणारच, त्या आधी विचारून घ्या.

२४ जुलै, गुरुवार

महिन्याच्या मध्ये पहिल्यांदा रिलीज, सकाळी ११:४० ला. आणि १७ मिनिटं एकाही गिऱ्हाइकाचं बिल सेव्ह झालं नाही.

पीआर जेमतेम १२ ओळींचा. बिलांच्या टेबलवर एक इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची. टेबलात साधारण चार कोटी रो आहेत. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेसमध्ये, साधं "क्रिएट इंडेक्स" चालवलं की इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलात वाचता येतं, लिहिता येत नाही. टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये दोन लाख रो, तिथे दोन सेकंदात झालं म्हणून कोणाला शंका आली नाही. पीआर मीच मंजूर केला होता. छोटा पीआर म्हणजे सुरक्षित पीआर असं माझ्या डोक्यात बसलं होतं, ते इथे मोडलं.

दुरुस्ती, उपयोगी पडेल म्हणून नीट लिहिते. एक, मोठ्या टेबलवर इंडेक्स "कॉन्करंटली" लावूनच करायचा, मग तो तयार होताना टेबलात लिहिणं थांबत नाही. दोन, ते ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गठ्ठ्याच्या) आत चालत नाही आणि आमचं मायग्रेशनचं, म्हणजे डेटाबेसमधले बदल चालवायचं, टूल प्रत्येक फाईल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं, म्हणून त्याची वेगळी फाईल करून तेवढ्या फाईलला ट्रान्झॅक्शन बंद. तीन, कॉन्करंटली मध्येच फेल झालं तर मागे "इनव्हॅलिड" इंडेक्स पडून राहतो. आमचा दुसऱ्या प्रयत्नात तसाच राहिला, तो आधी ड्रॉप करावा लागला. चार, टेबलचं स्ट्रक्चर बदलणाऱ्या मायग्रेशनला लॉक टाइमआउट (टेबल मोकळं व्हायची वाट किती बघायची ती मुदत) तीन सेकंद ठेवलाय, कारण ते एखाद्या लांब चाललेल्या क्वेरीसाठी थांबलं की बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत अडकतात.

पण याहून मोठी चूक वेगळीच झाली. फोन वाजत होते, मी घाबरले होते आणि टीमच्या ग्रुपवर टाकलं, "हे कोणी केलं?" सगळ्यांना माहीत होतं कोणी केलं. तो मुलगा त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर एक शब्द बोलला नाही, स्टँडअपला कॅमेरा बंद.

२८ जुलै

आधी त्याच्याशी एकट्याने बोलले. मग त्याच ग्रुपवर लिहिलं की मंजुरी माझी होती, मी तसं विचारायला नको होतं, सॉरी. खाजगीत सॉरी म्हणून भागलं नसतं, बोलले सगळ्यांसमोर होते.

नंतर तासभर सगळे बसलो आणि घटना मिनिटामिनिटाने लिहून काढली. त्यात कळलं की डॅशबोर्डवर एरर ११:४२ लाच दिसत होत्या, आम्हाला कळलं ११:५१ ला, ते सुद्धा सपोर्टच्या फोनवरून. नऊ मिनिटं कोणी बघतच नव्हतं. आता बिल सेव्ह होण्याचं प्रमाण दोन मिनिटं पडलं की ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. हे अलर्ट लावायचं सुचवलं त्याच मुलाने आणि केलंही त्यानेच, एका दिवसात.

१ ऑगस्ट

वन-ऑन-वनचा, म्हणजे टीममधल्या प्रत्येकाशी ठरवून एकट्याने बोलण्याचा, हिशोब केला. ठरलेल्या १४ पैकी मी सहा रद्द केलेत, प्रत्येक वेळी "अर्जंट आहे" म्हणून. आता बुधवारी आणि गुरुवारी सकाळीच ठेवलेत, आणि माझ्याकडून रद्द झाली तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ मी द्यायची.

आजच्या बोलण्यात नवीन मुलीने सांगितलं की जॉइन झाल्यावर लोकल सेटअपला, म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर प्रॉडक्ट चालू करायला, तिचे आठ दिवस गेले. त्यातले दोन दिवस एका एररवर, जी सीनिअरने नंतर पाच मिनिटांत सोडवली. विचारलं का नाही म्हटल्यावर म्हणाली, सगळे बिझी दिसत होते. सांगत होती तेव्हा नजर टेबलावरच्या वहीवर होती. त्या आठ दिवसांत मी तिला रोज "सगळं ठीक ना" विचारायचे आणि ती हो म्हणायची. आता तसं विचारत नाही. "कुठे अडलीयेस ते दाखव" म्हणते आणि स्क्रीन बघते.

तिनेच सेटअपची नोट नव्याने लिहिली, दीड दिवस लागला. क्यूएच्या नवीन लॅपटॉपवर ती नोट बघून सेटअप केलं तर साडेतीन तास. नोट जुन्या माणसाने लिहू नये, त्याला काय सुटलं ते दिसत नाही.

८ ऑगस्ट

सीआयला, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या टेस्टना, ४१ मिनिटं लागतात. म्हणजे रिव्ह्यूत एक शब्द बदलायला सांगितला की पाऊण तास गेला, लोक तेवढ्यात दुसरं काम काढतात आणि पहिलं विसरतात. टेस्ट चार भागांत तोडून एकाच वेळी चालवल्या, १३ मिनिटांवर आलं. खर्च महिन्याला साधारण ११ हजार रुपयांनी वाढला. त्याची मंजुरी मिळायला नऊ दिवस लागले, पहिल्या मेलमध्ये मी फक्त "सीआय स्लो आहे" लिहिलं होतं. दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं की सात जण, दिवसाला सरासरी तीन वेळा, प्रत्येक वेळी २८ मिनिटं, तर त्याच दिवशी हो आलं.

१३ ऑगस्ट

रात्री दोनला चालणारा टेस्टचा रन महिनोन्महिने लाल आहे आणि सगळे म्हणतात तो तसाच असतो. आज बसून बघितलं. बिलाच्या तारखेच्या तीन टेस्ट फेल होतात, दिवसा चालवल्या तर पास. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री १२ ते पहाटे साडेपाच सर्व्हरच्या मते कालचाच दिवस असतो.

टेस्टची वेळ बदलून टाकू असा पहिला विचार आला होता. बरं झालं तसं केलं नाही, कारण क्यूए म्हणाली की अशी एक तक्रार आहे बहुतेक. शोधली तर मे महिन्यातली सापडली. मार्केट यार्डातला गाळेवाला, त्याचा माल पहाटे तीन-चारला येतो, बिलं तेव्हाच निघतात, आणि सगळ्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख. एक तारखेची बिलं मागच्या महिन्यात. सपोर्टने त्याला सांगितलं होतं तारीख हाताने बदला, आणि तो बिचारा तीन महिने रोज पहाटे बदलत होता. टेस्ट पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती, आम्ही तिच्याकडे बघायचं सोडलं होतं. कोडमध्ये पाच ठिकाणी "आजची तारीख" सर्व्हरकडून घेतली होती, पाचही बदलल्या. दोन दिवस. त्याला फोन मी स्वतः केला.

२२ ऑगस्ट

सीनिअर सोमवारपासून गणपतीला कोकणात, ३ सप्टेंबरपर्यंत. टॅक्सच्या मॉड्यूलचं फक्त त्यालाच माहिती आहे. म्हणून गेले दोन आठवडे इंडेक्सवाला मुलगा त्याच्याबरोबर बसला. नियम एकच, कीबोर्ड मुलाकडे, सीनिअरने फक्त बोलायचं. पहिले तीन दिवस सीनिअर वैतागला होता, त्याला स्वतः टाइप केलं की पटकन होतं.

माझंही एक बंद केलं. रिपोर्टचं एक काम मी स्वतःकडे घेतलं होतं, ते नऊ दिवस पडून राहिलं कारण मला सलग दोन तास मिळतच नाहीत, आणि दोघांचं काम त्यावर अडलेलं. ते देऊन टाकलं. मी कोड लिहिते अजून, पण ज्यावर कोणी थांबलेलं नाही असाच.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री उशिरा जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, दर बदलणार, २२ सप्टेंबरपासून. १२ आणि २८ चे स्लॅब जवळजवळ जाणार, बहुतेक माल ५ किंवा १८ वर, काही ४० वर. १८ दिवस हातात. आणि आमच्याकडे दर आयटमवर एकच लिहिलेला, त्याला तारीखच नाही.

माझी पहिली चूक अकरा वाजताच झाली. सेल्सवाल्यांना टीमला न विचारता सांगून बसले, १५ ला देतो. दुपारी टीमबरोबर बसले तेव्हा कळलं की १५ ला फक्त अर्धं होईल. संध्याकाळी परत फोन करून १८ सांगितली. फोन करताना अवघड वाटलं, पण तो फोन दहा दिवसांनी करण्यापेक्षा आज केलेला बरा होता.

दुसरं, काहींना वाटत होतं एकाच स्क्रिप्टने १२ चे ५ आणि २८ चे १८ करून टाकू. ते चाललं नसतं. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ वर, कोल्ड्रिंक २८ वरून ४० वर, महागडे कपडे १२ वरून १८ वर. म्हणून दराला "केव्हापासून" तारीख लावायची, एचएसएन कोडवरून (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) नवीन दर सुचवायचा आणि गिऱ्हाइकाने तो तपासून हो म्हणायचं. अकरा तुकडे पाडले. सीनिअर आज परत आलाय पण मुख्य काम त्या मुलाकडेच ठेवलं, सीनिअर रिव्ह्यूला. शनिवार-रविवार सगळ्यांनी बसायचं असंही निघालं होतं, मी नको म्हटलं. शनिवारी विसर्जन आहे, आणि दमलेल्या माणसाने टॅक्सचा कोड लिहू नये.

१८ सप्टेंबर

नवीन दरांचं सरकारी नोटिफिकेशन काल आलं. दरांच्या आमच्या यादीत ४३ ओळी बदलाव्या लागल्या, चौघांत वाटून संध्याकाळपर्यंत झालं.

रिव्ह्यूत दोन गोष्टी सापडल्या. ड्रॉपडाउनमधून २८ काढून टाकला होता, पण तंबाखू, पानमसाल्याचे दर २२ ला बदलत नाहीयेत, त्यांच्या डिस्ट्रिब्युटरचं बिलच अडलं असतं. आणि जुन्या बिलावरचा माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी, ती नवीन दर उचलत होती. दोन्ही पीआर २०० ओळींच्या आतले होते.

२० ला थ्रीबी, म्हणजे उद्यापासून बंद दिवस. म्हणून सगळं आजच प्रॉडक्शनला टाकलं, फ्लॅग बंद ठेवून. रविवारी रात्री फक्त फ्लॅग चालू करायचा.

२२ सप्टेंबर, सोमवार

तिघं जागे होतो, घरूनच. रात्री १२ नंतरचं पहिलं बिल १२:०९ ला, नवीन दराने, बरोबर. पहाटे चारच्या सुमारास मार्केट यार्डातली बिलं सुरू झाली, २२ तारखेची. ऑगस्टमध्ये तारखेचं काम केलं नसतं तर साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक बिलाला २१ तारीख आणि जुना दर लागला असता. तेव्हा याचा विचारही केला नव्हता.

नऊ वाजता चूक निघाली. रविवारी ड्राफ्ट ठेवून सोमवारी फायनल केलेल्या बिलांवर जुनाच दर, कारण दर ड्राफ्ट करतानाच बिलात कॉपी होतो. अकरापैकी एकाही तुकड्यात हा विचार आला नव्हता, टेस्टमध्येही नाही. मुलाने दुरुस्ती केली, ४० ओळी, नवीन मुलीने रिव्ह्यू केला, ११:२० ला प्रॉडक्शनला. तोपर्यंत २१४ बिलं तशी निघालेली, त्यांची यादी सपोर्टला दुपारी एकपर्यंत दिली. दिवसभरात तीन रिलीज झाले. यातलं काहीच माझ्या मंजुरीसाठी थांबलं नाही. नऊ ते दहा मी बँकेत होते.

२६ सप्टेंबर

परत तोच तक्ता काढला, जुलै ते आजपर्यंत १९८ पीआर. पहिली कमेंट साधारण तीन तासांत, मर्ज एका दिवसात. रिव्ह्यूपैकी माझ्याकडे ३९.

पण एक नवीन कॉलम लावलाय, मर्ज झाल्यापासून क्यूए पूर्ण होईपर्यंत. जूनमध्ये तो एक दिवस होता, आता तीन. सात जणांचं काम आधी माझ्यापाशी साचत होतं, आता ते सगळं क्यूएच्या टेबलावर जाऊन पडतंय आणि ती एकटी आहे. गेले दोन आठवडे ती साडेआठपर्यंत थांबतेय, हे मला तक्ता काढल्यावर कळलं. तिच्याशी सोमवारी सकाळी बसायचंय, कुठल्या टेस्ट डेव्हलपरने स्वतः करायच्या याची यादी ती करून आणणार आहे.